आकडा हलेना

जरा जवळ बसा. मला मोठ्याने बोलता येत नाही. माझ्या पोटात एक छोटा पंखा आहे, तो फिरतो तेवढाच माझा आवाज. मी झोरियानाच्या घरातली विजेची पेटी. खिशात मावणारी पॉवर बँक तुम्ही पाहिली असेल, फोन भरायची. मी तिची थोरली बहीण. मला उचलायला दोन्ही हात लागतात. आणि माझ्या जिवावर फोन नाही, एका बाईचा श्वास चालतो.

म्हणून मी भित्री आहे. आधीच सांगून टाकते, मग पुढे हसू नका. जिच्यावर कुणाचा श्वास टांगलेला असतो, तिला शूर राहणं जमत नाही.

माझा जन्म फार दूर, समुद्राजवळच्या एका कारखान्यात झाला. निळ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात बॅटरीचे चौकोनी ठोकळे एकाशेजारी एक बसवले, तारा जोडल्या आणि वरून राखाडी कवच चढवलं. मग त्यांनी मला पहिल्यांदा वीज पाजली. किती गोड लागली म्हणून सांगू! अंगभर ऊब पसरली आणि कपाळावरच्या काचेत आकडे उमटले.

त्या बायकांनी माझ्या आत एक पहारेकरीही बसवला. दिसायला नखाएवढा, हिरव्या पाटीवरचा काळा ठिपका. पण हुकूम त्याचा. मी फार तापले की तो दार लावून घेतो. मी फार गारठले, तरी दार लावून घेतो. मग कितीही वीज दाराशी येऊन उभी राहिली, तरी तो थेंबभर आत येऊ देत नाही. माझ्या भल्यासाठीच असतं ते, नाहीतर माझे ठोकळे कायमचे नासतील. पण तो कुणाचं ऐकत नाही. माझंही नाही.

मग खोक्याचा अंधार. जहाज, गोदाम, ट्रक. अंधारात मी एकच विचार करत होते, झाकण उघडेल तेव्हा समोर कोण असेल?

झाकण उघडलं ते चेर्निहिव गावातल्या एका नऊमजली इमारतीत, पाचव्या मजल्यावर, ऑगस्ट महिन्यात. समोर झोरियानाचा नवरा नाझार होता, लढाईवरून रजेवर आलेला, घामाने निथळत. लिफ्ट बंद होती, म्हणून त्याने मला पाठीवर घेऊन जिना चढवला होता.

"आई, ही घे तुझी नवी सून," तो धापा टाकत म्हणाला.

खाटेवर उशांना टेकून मेलानियाबाई बसल्या होत्या. त्यांच्या नाकाशी एक पारदर्शक नळी होती, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला घरघरणारं एक यंत्र. सगळं आयुष्य त्यांनी लोकरीच्या गिरणीत काढलं. तिथली बारीक तुसं छातीत जाऊन बसली, ती काही निघाली नाहीत. आता हवेतला प्राणवायू वेगळा काढून देणारं ते यंत्र चालू असेल तरच त्यांना धड श्वास घेता येई.

"एक आहे तीच माझं ऐकत नाही," त्या म्हणाल्या. "त्यात ही दुसरी?"

"ऐकू आलं हं आई!" स्वयंपाकघरातून झोरियाना ओरडली.

"ऐकू यावं म्हणूनच बोलले."

मला ते घर तेव्हाच आवडलं.

नाझारने यंत्राचा प्लग भिंतीतून काढून माझ्यात घातला. यंत्र क्षणभरही न थांबता घरघरत राहिलं. झोरियानाने तोंडावर हात ठेवला. हिवाळा आला की दिवसातून कितीतरी तास वीज जाणार, हे त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. युद्ध चालू होतं, आणि बॉम्ब पडत होते ते विजेच्या केंद्रांवरच. मी पोटभर भरलेली असले तर साडेतीन तास यंत्र चालवू शकत होते. तेवढ्यात पुन्हा वीज आली की मी पुन्हा भरून घ्यायचं. असा सगळा हिशेब.

"एवढं लक्षात ठेव, झोर्या," नाझार म्हणाला. "हिला उन्हात ठेवायचं नाही. चुलीजवळ नाही. अंगावर कपडे वाळत घालायचे नाहीत. तापली तर घात होईल."

थंडीबद्दल तो काहीच बोलला नाही. ऑगस्टात थंडी कुणाला आठवते?

दोन दिवसांनी तो आघाडीवर परत गेला. दारात त्याने आईचं डोकं छातीशी धरलं, बायकोला मिठी मारली, आणि जाता जाता माझ्यावर एक थाप मारली. "सांभाळ गं यांना," म्हणाला. मला! एका पेटीला! त्या दिवसापासून भीती माझ्या पोटात राहायला आली.

पानगळ सुरू झाली आणि माझं काम सुरू झालं.

आमच्या इमारतीत वीज गेली की आधी शांतता पसरते. लिफ्ट थांबते, फ्रिज गप्प होतो, वरच्या मजल्यावरचा टीव्ही वाक्य अर्धवट सोडतो. मग जिन्यात दारं उघडतात आणि लोक एकमेकांना विचारतात, "तुमचीही गेली?" सगळ्यांची गेलेली असते, तरी विचारतात. आणि परत आली की कुणीतरी खालून ओरडतं, "दिली! दिली!" मग एकच गडबड. सगळे एकाच वेळी कपड्यांचं यंत्र लावतात, किटली लावतात, इस्त्री तापवतात, फोन टोचतात. उपाशी माणूस पंगतीला बसावा तसं. मीही त्यातलीच. "दिली" ऐकलं की माझंही तोंड उघडे.

वीज नसताना खोलीत आम्ही तिघीच. मेलानियाबाई, यंत्र आणि मी. झोरियाना औषधाच्या दुकानात कामाला जायची. मग मेलानियाबाई माझ्याशी बोलत.

"किती उरली गं?" त्या माझ्या कपाळावरचा आकडा पाहत. "एकसष्ट. म्हणजे अजून दोन तास मला मरायला फुरसत नाही. दे इकडे त्या काकड्या, चिरून तरी घेते."

त्यांना मरणावर विनोद करायची सवय होती. मला ते विनोद कधीच आवडले नाहीत.

मग नोव्हेंबरात शेजारच्या इमारतीत ती गोष्ट घडली. तळमजल्यावरच्या कुणीतरी जुन्या स्कूटरची बॅटरी घरात आणून भरायला लावली होती. स्वस्तातली, कुणीतरी घरीच दुरुस्त केलेली. ती फुटली. माणसं वाचली, पण खिडकीतून निघालेला काळा धूर आमच्या बाल्कनीपर्यंत आला. त्या भिंतीवर काजळीची एक जीभ उमटली, ती अजून तशीच आहे.

संध्याकाळी वलेरियनकाका आले. हे वरच्या मजल्यावरचे शेजारी. बसडेपोतून निवृत्त झालेले, कपाळाला दिव्याचा पट्टा बांधून सगळ्या इमारतीची काळजी करत फिरणारे. मनाने लोण्यासारखे, आवाजाने भोंग्यासारखे.

"पोरी," ते झोरियानाला म्हणाले, "ही पेटी प्राणवायूच्या शेजारी ठेवतेस? तुझी अक्कल ठिकाणावर आहे का? एक ठिणगी, आणि आपण सगळे ढगात!"

"काका, हळू बोला. आई ऐकतायत."

"मी ऐकत नाहीये," आतून आवाज आला. "मी ढगात जायची तयारी करतेय. कोट कुठला घालू?"

पण झोरियाना हसली नाही. रात्रभर तिला झोप लागली नाही, मी पाहत होते. ती सारखी उठून माझ्याकडे बघे. जिला आजवर आधार म्हणून पाहत होती, तिच्याकडे आता ती कुत्रं चावेल का अशा नजरेने पाहत होती. सकाळी तिने हातात ओव्हनचे जाड हातमोजे घातले, मला दूर धरून उचललं आणि बाल्कनीत नेऊन ठेवलं.

त्या दिवसापासून मला उघड्या हाताने कुणी शिवलं नाही.

आमच्याकडची बाल्कनी म्हणजे काचा लावलेली अरुंद कोठी. तिथे बटाट्यांची पोती, कांद्याच्या माळा, एक मोडकी ढकलगाडी, आणि फळ्यांवर मेलानियाबाईंच्या बरण्या. खारवलेल्या काकड्या, टोमॅटो, चेरीचं सरबत. दर उन्हाळ्यात त्या खुर्चीवर बसून झोरियानाकडून ते सगळं करून घेत आणि प्रत्येक बरणीला नावं ठेवत. माझी जागा बटाट्यांच्या पोत्याशेजारी, एका स्टुलावर. एक लांब वायर दाराच्या फटीतून आत यंत्राकडे गेली, एक भिंतीतल्या विजेकडे. फटीत चिंधी कोंबली. दार बंद.

मी वाईट वाटून घेतलं नाही. काम चालू होतं ना! काचेतून मला मेलानियाबाईंच्या खाटेचं टोक दिसे, तेवढं पुरे होतं. नोव्हेंबर दमट होता, गार होता, पण सोसवेल इतका.

मग जानेवारीत आभाळ मोकळं झालं, निळंशार. आणि मला कळलं की आता काहीतरी वाईट होणार. आमच्याकडे ढग असले की थंडी बेताची असते. आभाळ निवळलं की ती हाडात शिरते.

सकाळी काचांवर आतून बर्फाची पानं उमटली होती. माझ्या पोटातले ठोकळे आखडले होते. वीज गेली, यंत्राने मागितली, मी दिली. द्यायला मला जमत होतं, जड जात होतं तरी. आकडा भराभर उतरला. शेहेचाळीसवर आला तेव्हा खालून आरोळी आली, "दिली!"

झोरियाना त्या दिवशी घरीच होती. वीज माझ्या दाराशी आली. मी तोंड उघडलं.

आणि पहारेकऱ्याने दार लावून घेतलं.

मला आधी कळेचना. वीज आहे, वायर आहे, भूक आहे, आणि आत काहीच येत नाही. कपाळावर एक छोटं चिन्ह लुकलुकायला लागलं. एक उभी नळी, तळाशी गोळा. तापमापकाचं चित्र. शेहेचाळीस. शेहेचाळीस. शेहेचाळीस.

अर्ध्या तासाने झोरियानाने काचेतून डोकावून पाहिलं. शेहेचाळीस. पाऊण तासाने पुन्हा. मग तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"आई, पेटी भरत नाहीये."

"वायर हलली असेल."

झोरियानाने हातमोजे घातले, वायर काढली, पुन्हा घातली. आकडा हलेना. भिंतीतला दुसरा प्लग पाहिला. तिथे किटली लावून पाहिली, किटली तापली. म्हणजे वीज ठीक. मग शेजारणीकडून तशीच दुसरी वायर आणली. आकडा हलेना. माझ्या भोकात फुंकर मारली, काडीला कापूस लावून स्पिरिटने पुसलं. बटण दाबून मला झोपवलं, पुन्हा उठवलं. मी उठले, आकडा दाखवला, शेहेचाळीस.

नाझारला फोन लावला. लागला नाही. तो जिथे असतो तिथे फोन बहुतेक लागत नाहीच.

शेवटी तिने जिन्यात जाऊन हाक मारली, आणि वलेरियनकाका कपाळावरचा दिवा पेटवूनच आले, भर दुपारी.

"दिवा कशाला काका? ऊन आहे."

"सवय झालीय गं. बायको म्हणते, झोपताना तरी काढा." ते स्टुलापाशी वाकले. त्यांच्याही हातात लोकरीचे जाड हातमोजे. त्यांनी मला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, वरून एक गुद्दा मारला. बसडेपोत बहुतेक गोष्टी गुद्द्याने सुरू होत असाव्यात. मग त्यांची नजर माझ्या कपाळावर गेली.

"हे काय लुकलुकतंय?"

"मघापासून आहे ते."

ते जवळ आले. मी जीव गोळा करून ते चिन्ह दाखवत होते. बघा, म्हणत होते, नीट बघा, मला थंडी वाजतेय.

काकांचा चेहरा पांढरा पडला.

"तापमापक," ते कुजबुजले. "पोरी, हिला ताप चढलाय! ही तापलीय! आतून पेटत चाललीय!"

झोरियाना दोन पावलं मागे सरकली. तिच्या डोळ्यांत ती काजळीची जीभ मला स्पष्ट दिसली.

"नाझार म्हणाला होता," ती म्हणाली, "तापली तर घात होईल."

"खिडकी उघड! गार करायला हवी, लगेच!"

नको, मी ओरडले. नको, नको, नको! पण माझा पंखासुद्धा फिरत नव्हता. मी तापलेलीच नव्हते तर पंखा कशाला फिरेल? त्यांनी बाल्कनीची खिडकी सताड उघडली. मला स्टुलासकट खिडकीशी सरकवलं. बाहेरून चौदा अंशांची, शून्याच्या खालची हवा आत आली आणि सुरीसारखी माझ्या कवचाच्या फटींतून फिरली. त्यांनी दार घट्ट लावून घेतलं आणि काचेआडून माझ्याकडे पाहत उभे राहिले. दोघंही मला वाचवत होते. भीतीपोटी माणसं किती मनापासून चुकतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

आणि ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी वीज गेली.

टीव्ही अर्धं वाक्य बोलून थांबला. जिन्यात दारं उघडली. यंत्राने माझ्याकडे हात पसरला.

मी दिली. आखडलेल्या अंगातून ओरबाडून काढावी तशी दिली. शेहेचाळीस म्हणजे एरवी दीड तासाहून जास्त. पण गारठलेल्या पेटीचा आकडा खोटा असतो. चाळीस, पस्तीस, अठ्ठावीस. जिना उतरावा तसा तो उतरत गेला.

"परत कधी येणार?" आतून मेलानियाबाईंचा आवाज.

"फोनवर काहीच आलं नाही, आई. अचानक गेलीय. जिन्यात म्हणतायत, संध्याकाळ होईल."

झोरियानाने रुग्णवाहिकेला फोन लावला. बराच वेळ कुणी उचलला नाही. मग एक दमलेली बाई म्हणाली, गाड्या सगळ्या बाहेर आहेत, रस्त्यांवर बर्फ आहे, नाव लिहून घेते, वाट बघा. मग झोरियाना आणि काका दबक्या आवाजात बोलले. खाली चौकात मदतीचा तंबू आहे, तिथे जनरेटर आहे. पण लिफ्ट बंद, आणि पाच मजले जिना. ज्या बाईला मोरीपर्यंत जाताना दोनदा थांबावं लागतं, तिला या थंडीत जिन्यावरून न्यायचं?

"खुर्चीत बसवून नेऊ," काका म्हणाले. "मी आणि खालचा स्टेपान."

"तुमची कंबर, काका?"

"कंबर गेली खड्ड्यात!"

"कुजबुजताय कशाला?" आतून आवाज आला, मध्येच श्वास घेत. "माझ्यापुढे भांडा. करमणूक तरी होईल."

माझा आकडा एकोणीसवर आला होता. काचेतून मला खाटेचं टोक दिसत होतं, आणि पांघरुणावरचा मेलानियाबाईंचा हात. नखं निळसर व्हायला लागली होती, का मला तसं वाटत होतं? मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. मी संपले की यंत्र थांबणार. यंत्र थांबलं की तो हात... पुढचं मी मनातही बोलले नाही.

तेवढ्यात माझ्या शेजारी टण्‌ असा आवाज झाला.

फळीवरच्या एका बरणीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. उघड्या खिडकीमुळे चेरीचं सरबत गोठून फुगलं होतं.

"ते काय फुटलं?" मेलानियाबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. एक बरणी."

"कुठली?"

"आई, आत्ता बरण्यांचं काय घेऊन बसलात!"

"कुठली, म्हणते!"

"चेरीची."

मेलानियाबाई उशीवरून थोड्या उठल्या. त्यांना एकेक शब्द काढायला श्वास पुरत नव्हता, तरी त्यांनी काढला.

"चेरी गोठली? साखरेतली चेरी? म्हणजे बाहेर किती गारठलंय! काकड्या जातील, सगळं जाईल. खिडकी कुणी उघडली?"

"पेटी तापलीय ना, म्हणून..."

"तापलीय." त्या थांबल्या. दोन श्वास घेतले. "बरणी फुटली तिच्याशेजारी. आणि ही तापलीय. हात लावून पाहिलास?"

झोरियानाने मोजे घातलेले हात पाठीमागे नेले.

"वलेरियन, तुम्ही पाहिलात?"

काकांनी आपल्या लोकरीच्या हातमोज्यांकडे पाहिलं.

"नाझार लहान असताना," मेलानियाबाई म्हणाल्या, "ताप आला म्हणाला की मी आधी कपाळाला हात लावायची. शाळा बुडवायला खोटं बोलतोय का खरंच आजारी, ते हाताला कळतं. हातमोजा काढ."

मी काचेतून पाहत होते. झोरियाना दारापाशी आली. तिने एका हाताचा मोजा काढला. आता फुटेल, आता भाजेल, असं वाटत असताना तिने दार उघडलं आणि तो उघडा हात माझ्यावर ठेवला.

किती दिवसांनी! तो हात मला इतका गरम लागला की मीच दचकले.

"अगंबाई," ती पुटपुटली. मग दुसराही मोजा ओढून काढला आणि दोन्ही तळवे माझ्या अंगावर फिरवले. "काका! बर्फ आहे ही, नुसता बर्फ! हाताला चिकटतेय! तापलेलं काही असं लागतं का?"

काका आले, हात लावला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग कपाळावरचा दिवा काढून उगाचच हातात फिरवत राहिले.

"मीच उघडली खिडकी," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक निघाला. "मीच."

"रडायचं नंतर," आतून मेलानियाबाई म्हणाल्या. "आधी तिला आत आणा. आणि माझ्या काकड्याही."

झोरियानाने मला छातीशी धरून उचललं. दूर धरून नाही, छातीशी. आणि खोलीत नेऊन सासूच्या पायाशी, जमिनीवर ठेवलं. ठेवताना क्षणभर थांबली. यंत्राच्या शेजारी, प्राणवायूच्या शेजारी. भीती अजून गेली नव्हती तिची. पण तिने ठेवलं.

मेलानियाबाईंनी पांघरुणात हात घालून पायाशी असलेली गरम पाण्याची रबरी पिशवी बाहेर काढली.

"ही लावा तिला."

"आई, तुमचे पाय गार पडतील!"

"पायांनी श्वास घेत नाही मी."

"पाणी आणि वीज एकत्र?" काका कळवळले.

"बूच घट्ट आहे हो. ही पिशवी तुमच्यापेक्षा भरवशाची आहे."

पिशवी टॉवेलात गुंडाळून माझ्या कुशीला टेकवली गेली. हळूहळू, फार हळूहळू, माझ्या पोटातले ठोकळे सैल व्हायला लागले. पण आकडा चौदा होता. मग अकरा. ऊब आली होती, पण वीज कुठे होती? आता पहारेकऱ्याने दार उघडलं तरी दाराशी यायला कुणीच नव्हतं. उबदार होऊन रिकामी पडणार का मी, असं मला वाटलं.

आकडा आठवर आला तेव्हा मेलानियाबाई म्हणाल्या, "यंत्र बंद करा."

"काय?"

"थोडा वेळ बंद करा. मी सरळ बसते, हळू श्वास घेते. अगदीच जमलं नाही तर हात वर करेन. मग लावा. सगळी आत्ताच संपवली तर नंतर काय?"

झोरियाना "नाही, नाही" म्हणत राहिली. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शेवटी मेलानियाबाईंनी स्वतःच वाकून बटण दाबलं.

घरघर थांबली. मला वाटलं माझाच श्वास थांबला. त्या शांततेत एका म्हाताऱ्या बाईची छाती वर जाताना आणि खाली येताना ऐकू येत होती, फाटक्या भात्यासारखी. झोरियानाने त्यांच्या पाठीशी बसून त्यांना आपल्या अंगावर टेकवून घेतलं. हात वर झाला, यंत्र लागलं. जरा वेळाने पुन्हा बंद. पुन्हा हात वर. माझ्याकडून त्या घोट घोट घेत होत्या, आणि मी घोट घोट देत होते. सात. पाच. बाहेर काळोख पडला. माझ्या कपाळावरचं ते लुकलुकणारं चिन्ह कधी नाहीसं झालं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. चार. तीन.

मग खालून, अगदी तळमजल्यावरून, एका बाईचा फाटका आवाज आला, "दिली! लोकहो, दिली!"

काकांनी यंत्राचा प्लग भिंतीत घातला. घरघर सुरू झाली, आणि मेलानियाबाईंनी डोळे मिटून नळीतून एक लांब श्वास घेतला. झोरियाना माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. वायर हातात घेतली. वीज किती वेळ राहील, कुणाला माहीत नव्हतं. आता मी भरले नाही, तर पुढच्या वेळी द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

तिने वायर लावली.

मी वाट पाहिली. पहारेकरीही वाट पाहत होता. माझं अंग चाचपत होता तो, कोपरा न् कोपरा. तीन. तीन. तीन.

"अगं घे ना," झोरियाना म्हणाली. माझ्याशी! "घे ना गं बाई."

आणि आत कुठेतरी खट्‌ झालं. दार उघडलं. वीज आली ती अशी की मला हुंदकाच फुटला. पंखा फिरला, कितीतरी दिवसांनी. चार.

"चार!" काका ओरडले, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी विचारलं, "काय चार?" काकांनी उत्तर दिलं, "सगळं चार! चांगलं चार!"

झोरियाना माझ्यावर डोकं टेकून रडत होती. तिची आसवं माझ्या कवचावर पडली. पाणी आणि वीज, पण कुणी काही बोललं नाही.

चार दिवसांनी नाझारचा फोन लागला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "झोर्या, मी आगीपासून लांब ठेव म्हणालो होतो. उत्तर ध्रुवावर नव्हे." झोरियानाने त्याला दोन शिव्या घातल्या. पण नंतर तो म्हणाला, "थंडीचं मीच सांगायला हवं होतं," आणि त्याने फोन आईकडे द्यायला सांगितलं.

आता मी खाटेपासून हातभर अंतरावर, जमिनीवर एका फरशीच्या तुकड्यावर असते. अंगावर कुणी काही टाकत नाही, भोवती मोकळी हवा असते, आणि बाल्कनीचं दार बंद असतं. त्या थंडीने माझं नुकसान केलंच. पूर्वी साडेतीन तास पुरायची ती आता जेमतेम तीन तास पुरते. वलेरियनकाका रोज येऊन मला हात लावून जातात, वैद्याने नाडी पाहावी तसं. हातमोजा घालून कधीच नाही.

भीती गेली का? नाही. मेलानियाबाईंचा श्वास दिवसेंदिवस आखूड होतोय, आणि माझाही. आमच्यातली आधी कोण दमेल, हे मी विचारत नाही. त्याही विचारत नाहीत. फक्त आकडा पाहून म्हणतात, "अजून आहेस ना?"

तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी मुकी वस्तू अडून बसली, तर एवढं करा. तिच्या कपाळावरचं चिन्ह वाचण्याआधी, तिला गुद्दा मारण्याआधी, तिला घराबाहेर काढण्याआधी एकदा तिला हात लावा. उघडा हात. आम्हाला बोलता येत नाही, पण हाताला आम्ही खोटं सांगत नाही. आणि माणसांचंही तसंच असावं, असं मला वाटतं, पण ते तुम्ही माझ्याहून जास्त जाणता.

थांबा. टीव्ही गप्प झाला. जिन्यात दारं उघडतायत. गेली.

यंत्राने माझ्याकडे हात पसरलाय. आकडा अठ्ठ्याण्णव आहे. मला आता बोलायला फुरसत नाही.